आवृत्ती संपल्यानंतर

चांगले पुस्तक वाचकच जगवतात आणि जे बाजारातून गेले ते जाण्याच्याच लायकीचे होते, ही समजूत मराठी ग्रंथव्यवहारात खोल रुजली आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले आणि पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. आज भारतीय स्त्रीवादाची चर्चा त्याला वगळून करता येत नाही. मधल्या काळात वाचकांनी ते नाकारले असे म्हणता येत नाही, कारण ते त्यांच्यापुढे आलेच नव्हते. तिथे अडचण हक्कांची नव्हती. जुने छापील कागद उलगडून पाहणारा संपादक तेवढा हवा होता.

विसाव्या शतकातल्या पुस्तकांची कोंडी वेगळी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; वाचनालयांत त्यांच्यावर उड्या पडत. निवडक पुस्तके अधूनमधून नव्याने निघतात, बाकीची रद्दीवाल्यांकडे नशिबाने सापडली तर सापडतात. लोकप्रियताही पुस्तकाला तारत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांनी हे उदाहरण पाहावे. अर्नाळकर १९९६ मध्ये वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांच्या नियमाने त्यांचे लेखन २०५६ अखेरपर्यंत हक्कांखाली राहील. वर्षाला पन्नास प्रती खपणाऱ्या पुस्तकाच्या हजार प्रती छापून गोदामाचे भाडे कोण भरणार, हा प्रकाशकांचा आक्षेप एकेकाळी बिनतोड होता. मागणीनुसार मोजक्या प्रती छापता येऊ लागल्यापासून त्याची धार गेली आहे. आता अडते ते परवानगीपाशी: वारस अनेक, करार हरवलेला, प्रकाशनसंस्था बंद पडलेली.

‘स्कॅन आहेत की!’ हा दुसरा आक्षेप. अभ्यासकाचे काम त्यांवर भागते, हे खरे. पण स्कॅन म्हणजे आवृत्ती नव्हे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिला. केवळ १९०७ची प्रत स्कॅन करून ठेवली असती, तर वैद्यांची कात्रीच अमर झाली असती.

कायद्यात वाट नाही असे नाही. हक्कधारक पुनर्प्रकाशनाला नकार देत असेल किंवा सापडतच नसेल, तर परवाना मिळवता येतो. मात्र त्यासाठी जाहिरात, अर्ज, सुनावणी हे सोपस्कार आहेत आणि तीनशे प्रतींच्या पुस्तकासाठी ते करण्याइतका वेडा प्रकाशक विरळाच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरावी, अशी चांगली तरतूद १९९४च्या दुरुस्तीने आणली. पण त्याआधीच्या करारांना ती लागूच नाही, आणि आज दुकानांत न मिळणाऱ्या पुस्तकांपैकी कितीतरी नेमकी त्याच करारांची आहेत.