मृत्तिकेचे पृष्ठ आणि अमिनो आम्ले

जीवोत्पत्तीच्या विवेचनात जे. डी. बर्नाल यांनी १९४७ साली मृत्तिकेला मानाचे स्थान दिले. १९५१ च्या ‘द फिजिकल बेसिस ऑफ लाइफ’ या पुस्तकाने तो विचार सर्वत्र पोचविला. आदिसागराच्या अतिविरल द्रावणात अमिनो आम्लांची परस्परांशी गाठ पडणे दुर्घट. चिकणमातीच्या सूक्ष्म थरांवर मात्र ती एकत्र येऊ शकतील, हा त्यांचा मुद्दा मार्मिक होता. परंतु पुढील चर्चेत ‘पृष्ठ’ या एकाच शब्दावर दोन कामे लादली गेली: रेणूंना धरणे व त्यांना जोडणे. ही कामे एक नव्हेत.

धरण्याचेच पाहावे. माँटमोरिलोनाइटचे थर ऋणभारित असतात. म्हणून उदासीन द्रावणातील धनभारित लायसीन त्यांवर घट्ट बसते. ग्लायसीनवरील धन व ऋण भार समसमान असल्यामुळे ते सैल राहते. ॲस्पार्टिक आम्ल तर फारसे टिकतच नाही.

जोडण्याचे काम याहून अवघड. पेप्टाइड बंध जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो; अर्थात् पाण्यात ही क्रिया उलट दिशेलाच झुकते. लहाव, व्हाइट व चँग यांनी १९७८ मध्ये ग्लायसीन आणि मृत्तिका यांचे मिश्रण वारंवार भिजवून व तापवून सुकविले, तेव्हा लहान पेप्टाइडे मिळाली. त्यांचे श्रेय सुकविण्याला वगळून केवळ मातीला देता येणार नाही.

सर्वांत बोधप्रद प्रकरण केओलिनाइटचे. या खनिजावर ॲस्पार्टिक आम्लाचे वामरूप दक्षिणरूपापेक्षा अधिक वेगाने साखळ्या बनविते, असे डेगेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये प्रतिपादिले. सजीवांची प्रथिने वामरूप आम्लांचीच का, या जुन्या कोड्याचे उत्तर हाती आल्यासारखे वाटले. १९७४ मध्ये फ्लोरेस व बॉनर यांनी, आणि स्वतंत्रपणे मॅककलो व लेमन यांनी, या दाव्याची फेरतपासणी केली. भेद आढळला नाही. उत्तर इतके हवेसे होते की, प्रश्नाची कसून तपासणी मागाहून झाली!

हेझन, फिली व गुडफ्रेंड यांचा २००१ मधील कॅल्साइटवरील प्रयोग त्या मानाने संयत आहे. स्फटिकाची काही पृष्ठे वामरूप ॲस्पार्टिक आम्ल, तर त्यांची प्रतिबिंबरूप पृष्ठे दक्षिणरूप किंचित् अधिक धरतात. निसर्गात ही दोन्ही प्रकारची पृष्ठे सारखीच आढळत असल्यामुळे एकीकडील लाभ दुसरीकडे फिटतो. धरलेल्या रेणूंच्या साखळ्या बनू शकतील, असे लेखक सुचवितात. प्रयोगात मात्र ते तपासलेले नाही.