ज्यांनी फॉर्मच भरला नाही, ते कुठल्या तक्त्यात?

शिष्यवृत्तीवर संशोधन करायचं ठरवलं की आपल्यापैकी बहुतेकांचा पहिला आराखडा सारखाच निघतो. महाडीबीटीवर अर्ज किती आले, मंजूर किती झाले, कॉलेजच्या लॉगिनला किती अडकले, पैसे खात्यात पडायला किती महिने लागले. माझाही असाच होता. चार तक्ते, दोन आलेख आणि शेवटी 'अंमलबजावणीतील अडचणी' असं एक प्रकरण. माझ्या गाईडनी तो वाचला आणि विचारलं, "ज्यांनी फॉर्मच भरला नाही, ते कुठल्या तक्त्यात आहेत?" मी म्हटलं, ते अभ्यासाच्या कक्षेबाहेर येतात. "कक्षा कोणी आखली? तू, की पोर्टलने?"

त्या प्रश्नाला मला अजून पूर्ण उत्तर देता आलेलं नाही. पण तुम्ही संशोधनाच्या उंबरठ्यावर असाल, तर माझी चूक तुमच्या कामाची आहे. म्हणून इथे दोन गोष्टींवर टीका करतो आहे: पात्रतेचा नियम, आणि तो नियम जसाच्या तसा उचलून त्यावर टक्केवारी काढणारा माझ्यासारखा अभ्यासक.

आधी नियम काय आहे ते पाहू. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, महाराष्ट्राचा अधिवास लागतो आणि जातीचा दाखला लागतो. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर वर जात वैधता प्रमाणपत्र. ऐकायला सरळ आहे. आता प्रत्येक कागद कुठल्या काळाबद्दल विचारतो ते बघा. उत्पन्नाचा दाखला आजचा. अधिवासाचा दाखला मागच्या पंधरा वर्षांचा. आणि जातीचा दाखला विचारतो, तुमचे वडिलांकडचे पूर्वज १० ऑगस्ट १९५० रोजी कुठे राहत होते? अनुसूचित जमातीसाठी ही तारीख ६ सप्टेंबर १९५० आहे, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजच्या गरजेसाठी दिली जाणारी मदत तीन पिढ्यांमागच्या कागदावर अडते.

घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत मी काही वर्षं मुलांचे फॉर्म भरून देत होतो. तिथे एक मुलगी यायची, बारावी सायन्स, फार्मसीला जायचं होतं. आजोबा १९७२ च्या दुष्काळात धाराशिवकडून, तेव्हाच्या उस्मानाबादेतून, मुंबईला आले. नाक्यावर उभे राहिले, मग बिगारी. वडिलांचा जन्म इथलाच, तिचाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिची जात स्वच्छ अक्षरात लिहिलेली. पण तेवढ्याने भागत नाही, १९५० च्या आधीचा पुरावा आणा, असं तिला सांगितलं गेलं. गावी शेत नाही, म्हणून सातबारा नाही. आजोबांचा जन्म कोतवालाच्या पुस्तकात सापडला नाही. मग शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते.

इथे जरा थांबा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या शाळेबाहेर ठेवलं गेलं त्याच्यासाठी ही योजना आहे. आणि त्या समाजाचे असल्याचा पुरावा म्हणून मागितला काय जातो, तर आजोबांच्या शाळेचा उतारा. ज्यांचे आजोबा चार बुकं शिकले, त्यांच्या नातवंडांना दाखला लवकर मिळतो. ज्यांचे आजोबा अजिबात शिकले नाहीत, त्यांना उशिरा मिळतो किंवा मिळतच नाही. नियम लिहिणाऱ्यांचा हा हेतू नव्हता, हे मी मान्य करतो. पण चाळणी अशीच चालते.

त्या मुलीने अर्ज केला नाही. वडिलांचे चार खाडे झाले, दोनदा गावी जाण्याचं भाडं गेलं, तोवर प्रवेशाच्या तारखा गेल्या. तिने जवळच्या अनुदानित कॉलेजात बीकॉमला नाव घातलं, खुल्या वर्गातून. आता सांगा, माझ्या चार तक्त्यांत ती कुठे आहे? नामंजूर अर्जांत नाही, प्रलंबितमध्ये नाही. शासनाच्या आकडेवारीत ती खुल्या वर्गातली, शिष्यवृत्ती न मागितलेली विद्यार्थिनी आहे.

बरं, १० ऑगस्ट १९५० ही तारीख नकाशावर ठेवून बघा. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं. धाराशिव हैदराबाद राज्यात, नागपूर मध्य प्रदेशात. मुंबई महापालिकेची हद्दसुद्धा दहिसर-मुलुंडपर्यंत आली ती १९५७ मध्ये. निजामाच्या मुलखातल्या जुन्या नोंदी पुष्कळदा उर्दूत, इकडच्या मोडीत. म्हणजे कागद सापडला तरी तो वाचणारा माणूस शोधायचा, भाषांतर करून घ्यायचं, खर्च आपला.

आणि हे फक्त गावाहून आलेल्यांचं दुखणं आहे असं समजू नका. गोरेगाव-अंधेरीच्या मधल्या आरेच्या जंगलात वारल्यांचे पाडे आहेत. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची. ही माणसं त्याच्याही आधीपासून तिथे राहतात, पण जमीन सरकारच्या नावावर. जे कुठूनही आले नाहीत त्यांनाही आपण इथलेच आहोत हे कागदाने सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका ठाकूर जमातीच्या प्रकरणात चांगली गोष्ट सांगितली: चालीरीती, बोली, देवदेवता विचारून घेतलेली आप्तभाव चाचणी ही शेवटची कसोटी धरू नये. पण त्याच निकालात स्वातंत्र्यपूर्व कागदाचं वजन सगळ्यात जास्त धरलं आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याची सुटका झाली. ज्याच्याकडे नाही, तो परत समितीसमोर देवांची नावं सांगत बसणार.

दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर ही टीका एकतर्फी होईल. खोटे दाखले घेऊन जागा लाटल्या गेल्या, हे खरं आहे. १९९४ चा माधुरी पाटील निकाल त्यातूनच आला, पडताळणी समित्यांची रीतसर चौकट त्याने घालून दिली, आणि पुढे महाराष्ट्राने २००० चा जात पडताळणी कायदा केला. त्याच्या कलम ८ नुसार जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची. खोट्या आदिवासींमुळे खऱ्या आदिवासींच्या जागा गेल्या, हा राग मी पाड्यांवरच ऐकला आहे. माझा आक्षेप पडताळणीला नाही. पुरावा शोधण्याचं सगळं ओझं सगळ्यात कमी कागद असलेल्या माणसावर टाकण्याला आहे.

ओझं दुसरीकडे टाकता येतं का? येतं, आणि आपण ते बघितलंय. २०२३ मध्ये मराठा आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला अख्खी यंत्रणा कामाला लागली. तहसीलची दप्तरं, शाळांची रजिस्टरं, मोडी-उर्दू वाचणारे जाणकार, सापडलेल्या नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळांवर. कोणाला आरक्षण द्यावं हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच की सरकारने मनावर घेतलं तर दप्तर सरकार स्वतः उघडतं. त्याच कपाटांत, त्याच रजिस्टरांत, इतर जातींच्या नोंदीही आहेतच ना?

आता एक निकाल, जो तुम्ही मुळातून वाचावा असं मला वाटतं. मर्री चंद्रशेखर राव विरुद्ध अधिष्ठाता, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज, १९९०. घटनापीठाचा निकाल आणि प्रकरण मुंबईचं. मुलगा आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा. वडील सरकारी मालकीच्या खत कंपनीत नोकरीला, म्हणून तो लहानपणीच मुंबईत आला, इथेच शिकला. परळच्या मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मागितला, मिळाला नाही. घटनेच्या कलम ३४१ आणि ३४२ मध्ये दोन शब्दप्रयोग शेजारी शेजारी आहेत: 'या संविधानाच्या प्रयोजनांसाठी' आणि 'त्या राज्याच्या संबंधात'. मुलाचा भर पहिल्यावर, न्यायालयाचा दुसऱ्यावर. एका राज्यात मागास असलेला समूह दुसऱ्या राज्यात तसाच असेल असं नाही, म्हणून यादी राज्यापुरती. २०१८ मध्ये बीर सिंग प्रकरणात घटनापीठाने हेच पुन्हा उचलून धरलं.

यादी कशी करावी, या प्रश्नाला हे उत्तर पटण्यासारखं आहे. माणसाचं काय, या प्रश्नाला मात्र ते अपुरं पडतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे नियमही त्याच वळणाचे: विद्यार्थी मूळ ज्या राज्याचा, त्या राज्याने शिष्यवृत्ती द्यायची. कागदावर सोय आहे. पण मुलुंडला जन्मलेल्या, कानडी धड न येणाऱ्या मुलीने कर्नाटकातल्या कुठल्या कचेरीत खेटे घालायचे? तिला मूळ राज्य ओळखत नाही आणि राहतं राज्य मोजत नाही.

धाराशिवची मुलगी आणि ही मुलगी, दोघींची गाठ एकत्र बांधू नका. मी सुरुवातीला बांधली होती. पहिली कायद्याने आत आहे, कागदाने बाहेर. दुसरी कायद्यानेच बाहेर. पहिलीसाठी प्रशासन सुधारलं तर पुरे, दुसरीसाठी धोरण बदलायला हवं. 'कागदपत्रांअभावी वंचित' असा एकच रकाना केलात, तर तुमच्या शिफारशी दोघींपैकी कुणाच्याच उपयोगाच्या राहणार नाहीत.

परदेशातलं एक उदाहरण पडताळून बघण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कायदा केला: राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षं शिकून उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, देशात राहण्याचे कागद नसले तरी, स्थानिक विद्यार्थ्याइतकीच फी. २०११ मध्ये राज्याची आर्थिक मदतही खुली केली. तिथला प्रश्न नागरिकत्वाचा आहे, आपला नाही, तेव्हा तुलना ताणू नये. बघायचं ते एवढंच की तिथे साक्षीदार बदलला. बापजाद्यांचा कागद बाजूला ठेवून मुलाच्या शाळेला विचारलं गेलं. जातीचा दर्जा शाळेच्या साक्षीवर ठरवता येणार नाही. पण निव्वळ उत्पन्नावर चालणाऱ्या राज्याच्या फी-सवलतीत, जिथे अधिवास लागतो, तिथे पहिली ते बारावी घाटकोपरच्या शाळेत काढलेली वर्षं पुरेशी का मानू नयेत?

मग फॉर्म न भरलेल्यांना मोजायचं कसं? मी सध्या हे करून बघतो आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात असते आणि कॉलेजच्या प्रवेश नोंदीत प्रवर्ग असतो. कॉलेजच्या परवानगीने आणि नावं झाकून ते दोन रकाने समोरासमोर ठेवायचे. दाखल्यावर अनुसूचित जात आणि प्रवेश खुल्यातून, असे जे निघतील तिथून शोध सुरू होतो. सगळेच कागदाअभावी आलेले नसतात. कुणी गुणांवर आलेलं असतं, कुणाला जात सांगायची नसते, आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून हा आकडा उत्तर धरू नका, कोणाशी बोलायचं याची ती यादी समजा. बोलायला गेलात तर पहिल्या भेटीत कागद मागू नका. ह्या घरांत कागद मागणारा माणूस म्हणजे घर तोडायला आलेला माणूस. झोपडी १९९५ च्या आधीची की २००० च्या, हे त्यांना आयुष्यभर विचारलं गेलंय.

ती मुलगी आता बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा भाऊ दहावीत. परवा वडील भेटले, म्हणाले, मे महिन्यात परत गावी जातो. आजोबांचा एक चुलतभाऊ दुसरीपर्यंत शिकला होता असं कुणीतरी सांगितलंय. शाळेचं रजिस्टर शिल्लक असलं तर उर्दूत असेल. वाचणारा कोणी ओळखीचा आहे का, असं त्यांनी मला विचारलं.