गुडघे टेकणारा मास्तर
शिमाझाकी तोसोन यांच्या ‘हाकाई’ या कादंबरीविषयी

‘हाकाई’ या जपानी शब्दाचा अर्थ आज्ञाभंग, किंवा घेतलेले व्रत मोडणे. शिमाझाकी तोसोन यांनी या नावाची कादंबरी १९०६ च्या मार्च महिन्यात पदरमोड करून छापली. नात्सुमे सोसेकी यांच्यासारख्या थोर लेखकाने तिची वाखाणणी केली. १९४८, १९६२ आणि २०२२ साली तिच्यावर चित्रपट निघाले. केनेथ स्ट्राँग यांनी १९७४ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून आम्ही ती वाचली. आपल्या अंकात तिच्यावर लिहावेसे वाटले याची कारणे दोन. एक तर तिचा नायक शाळामास्तर आहे. दुसरे म्हणजे, जो प्रश्न त्याला जन्मभर छळतो तोच प्रश्न आपल्या लोकांनाही एकेकाळी सरकारी कागदावर विचारला गेला होता. तो प्रश्न म्हणजे, ‘तू कोणाचा?’

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. गुरे कापणे, कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे, गुन्हेगारांना फाशी देण्याच्या कामी राबणे, असली कामे ज्यांच्या वाट्याला आली त्यांना जुन्या जपानात विटाळाचे लोक मानत. त्यांनी गावाबाहेर राहायचे, इतरांशी सोयरीक करायची नाही, असा दंडक होता. महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या वाचकांना याहून अधिक सांगणे न लगे. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून हा भेद रद्द केला. पण पुढच्याच वर्षी घराघराची नोंदवही तयार झाली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी या लोकांपुढे ‘नवे सामान्यजन’ असा शिक्का बसला. जुनी जात गेली आणि ‘नवे’ या शब्दात ती परत आली. पुढे त्यांच्या वस्तीवरून त्यांना ‘बुराकु’चे लोक म्हणू लागले. बुराकु म्हणजे नुसती वाडी.

अमेरिकेत काळ्या माणसाचा रंग दुरून दिसतो. जपानात तसे काहीच नाही. रंग तोच, भाषा तीच, धर्मही तोच. मग माणूस ओळखायचा कसा? तर त्याच्या वाडीच्या नावावरून. आपल्यात पेणकर, नवगावकर, चेऊलकर अशी आडनावे आहेत. कोकणातले ते गाव आज नकाशावर दाखवताही येत नसले, तरी आपण ते नाव अभिमानाने लावतो. बुराकुच्या माणसाला मात्र गावाचे नाव तोंडातून निघाले की घात झालाच म्हणून समजावे. गावाचे नाव लपवत जगणे म्हणजे काय, हे ज्याला कळले त्याला ‘हाकाई’ कळली.

कथा थोडक्यात अशी. सेगावा उशिमात्सु हा बुराकुचा मुलगा. बाप त्याच्यासाठी गाव सोडतो आणि डोंगरात गुरे राखत एकटा राहतो. मुलाला तो एकच आज्ञा देतो : काहीही होवो, कोणीही विचारो, आपले मूळ सांगू नकोस. मुलगा हुशार निघतो, बाविसाव्या वर्षी नागानोच्या अध्यापक विद्यालयातून बाहेर पडतो आणि ईयामा या बर्फाळ गावात मास्तर होतो. तिथे इनोको रेंतारो या लेखकाची पुस्तके त्याच्या हाती पडतात. इनोकोही बुराकुचाच, पण तो आपले मूळ उघड लिहितो आणि ताठ मानेने सभांतून बोलतो. उशिमात्सुला त्याच्यापाशी मन मोकळे करायचे असते. संधी अनेकदा येते आणि दर वेळी शब्द घशात अडकतो. बाप बैलाच्या शिंगाने मरतो, तेव्हाही त्याचा निरोप तोच असतो. पुढे एका लबाड पुढाऱ्याचे बिंग फोडल्याबद्दल इनोकोला मारेकरी ठार करतात, गावात कुजबुज वाढत जाते, आणि अखेर उशिमात्सु आपल्या वर्गापुढे उभा राहून सारे सांगून टाकतो.

तोसोन स्वतः १८९९ ते १९०५ या काळात कोमोरो येथे मास्तर होते, आणि हे पानोपानी जाणवते. तपासणीसाच्या भेटीची धांदल, हेडमास्तरांची वरच्यांपुढे लवचिक आणि खालच्यांपुढे ताठ होणारी पाठ, निवृत्तीवेतनाला थोडे महिने उरलेले असताना काढून टाकलेला दारुडा म्हातारा मास्तर, हे सारे जगातल्या कोणत्याही मास्तराला ओळखीचे वाटेल. कादंबरीच्या आरंभी ओहिनाता नावाच्या श्रीमंत माणसाचे मूळ उघडकीस येते. आधी इस्पितळातले रोगी त्याला घालवून देतात, मग खाणावळीतले बिऱ्हाडकरू. पैसा होता, तरी तो कामी आला नाही. दुसरा एक प्रसंग शाळेतल्या टेनिसचा. सेंता नावाच्या बुराकुच्या पोराला कोणी जोडीदार मिळत नाही. रॅकेट हातात धरून तो एकटाच उभा असतो. उशिमात्सु पुढे होतो आणि त्याचा जोडीदार बनतो. सामना ते हरतात. आमच्या मते कादंबरीतले सर्वांत खरे पान ते आहे. तिथे मास्तर काही कबूल करत नाही, भाषण करत नाही. फक्त पोराच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

इतके चांगले लिहिणाऱ्या लेखकाशी आमचे भांडण सुरू होते ते शेवटाशी. वर्गात मूळ सांगताना उशिमात्सु जमिनीवर गुडघे टेकतो, मस्तक लववतो आणि पोरांची क्षमा मागतो. आपण अपवित्र आहोत आणि हे इतके दिवस लपवले, याची क्षमा! ज्याने उत्तम शिकवले, ज्याने एका पोराशीही भेद केला नाही, त्याने कसली क्षमा मागायची? बापाची आज्ञा मोडली, हे ठीक झाले. पण ती आज्ञा द्यायला बापाला ज्यांनी भाग पाडले, त्या गावाने काय मोडले? हेडमास्तर क्षमा मागत नाहीत, इस्पितळातले रोगीही मागत नाहीत. पोरे मात्र हेडमास्तरांकडे जाऊन आपल्या मास्तरांना ठेवा अशी विनवणी करतात. लेखकाने न्यायबुद्धी पोरांना दिली आणि नायकाला अपराधबुद्धी दिली, हे आम्हाला खटकते.

हे आमचे एकट्याचे मत नव्हे. १९२२ च्या ३ मार्चला क्योतो येथे बुराकुच्या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापली. तिचा सारा सूर उशिमात्सुच्या उलट होता : मूळ लपवायचे नाही आणि त्याबद्दल शरमही मानायची नाही. या कादंबरीतल्या शब्दांवर संघटनेने हरकत घेतली. १९३९ मध्ये तोसोन यांनी शब्द बदलून सुधारलेली आवृत्ती काढली. लेखकाच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये मूळ पाठ पुन्हा छापला गेला आणि वाद नव्याने पेटला. आमचे मत विचाराल तर मूळ पाठ छापला तेच योग्य झाले. शब्द सौम्य केल्याने गुडघे काही सरळ होत नाहीत.

कोणी म्हणेल, १९०६ ची गोष्ट, आता तिचे काय? तर पुढचा इतिहास पाहावा. जुन्या नोंदवह्या लोकांना पाहण्यासाठी बंद झाल्या त्या १९६८ साली. १९७५ मध्ये उघडकीस आले की देशभरच्या बुराकु वस्त्यांची नावे-पत्ते असलेली पुस्तके चोरून विकली जात होती आणि दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. नोकरीसाठी अर्ज आला की पत्ता पडताळायचा, हा त्यांचा उपयोग. सरकारने १९६९ पासून या वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा यांवर पुष्कळ पैसा खर्च केला, त्याने राहणीमान सुधारले. तरीही भेदभाव निवारणाचा कायदा २०१६ मध्ये करावा लागला.

आणि पोलिसांचे काय? १९६३ च्या मे महिन्यात तोक्योजवळच्या सायामा गावी सोळा वर्षांच्या एका मुलीला पळवून नेऊन तिचा खून झाला. खंडणी घ्यायला आलेला माणूस पोलिसांच्या वेढ्यातून निसटला आणि देशभर पोलिसांची छीःथू झाली. मग तपासाचा रोख जवळच्या बुराकु वस्तीकडे वळला. २३ मे रोजी इशिकावा काझुओ या चोवीस वर्षांच्या तरुणाला दुसऱ्याच किरकोळ आरोपांवरून पकडले आणि महिनाभराने त्याच्याकडून कबुली मिळवली. त्याच्या घराची दोनदा झडती झाली तेव्हा काही मिळाले नव्हते, तिसऱ्या झडतीत मुलीचे पेन दाराच्या चौकटीवर सापडले. १९६४ मध्ये फाशीची शिक्षा, १९७४ मध्ये ती बदलून जन्मठेप, १९९४ मध्ये सशर्त सुटका, असा त्याचा प्रवास झाला. वरच्या न्यायालयात त्याने कबुली मागे घेतली आणि शेवटपर्यंत आपण निर्दोष आहोत असे तो सांगत राहिला. ११ मार्च २०२५ रोजी शहाऐंशीव्या वर्षी तो वारला. फेरसुनावणीची त्याची मागणी तेव्हाही पडून होती.

आम्ही न्यायाधीश नव्हे. पण आम्ही मास्तर आहोत, म्हणून एक गोष्ट डोळ्यांत भरते. गरिबीमुळे या माणसाची शाळा लहानपणीच सुटली होती, आणि ज्या चिठ्ठीवरून त्याला दोषी ठरवले ती लिहिण्याइतके अक्षरज्ञान त्याला नव्हते, असे त्याच्या बाजूचे लोक पहिल्यापासून सांगत आले. तो लिहा-वाचायला शिकला तो तुरुंगात, एका पहारेकऱ्याकडून. उशिमात्सुला निदान लपवता येत होते. इशिकावाला लपवण्याची सोयच नव्हती, कारण कुठल्या वाडीत जायचे हे पोलिसांना आधीच ठाऊक होते.

त्याच १९६३ साली आपल्या मराठीत बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह निघाला. शीर्षककथेतला दलित तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो, जात सांगत नाही, मान मिळवतो, आणि जात उघड होताच मार खातो. बागुल त्याला मार खाऊ देतात, पण क्षमा मागू देत नाहीत. तोसोन आणि बागुल यांच्यात हाच फरक आहे. तोसोन बाहेरून पाहत होते, त्यांच्या मनात दया होती. बागुल आतून लिहीत होते, त्यांच्या मनात संताप होता. वाचकाला दया सोपी जाते, पण ज्याच्यावर बेतते त्याला ती पुरत नाही.

‘हाकाई’च्या शेवटी उशिमात्सु त्या हाकलून दिलेल्या ओहिनाताबरोबर अमेरिकेत टेक्सासला शेती करायला निघतो. बर्फातून पोरे त्याला निरोप देतात आणि पुस्तक संपते. टेक्सास! कादंबरी निघाली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला. गावाने बोट दाखवले म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १६७ काळ्या सैनिकांना खटला न चालवता लष्करातून काढून टाकले. तो अन्याय लष्कराने मान्य केला १९७२ साली, तोवर बहुतेक जण मरून गेले होते. उशिमात्सु ज्या भूमीवर सुटका शोधायला निघाला, तिथे ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती, कातडीच उत्तर देत होती. तोसोन यांना जहाज म्हणजे शेवट वाटला. आपल्याला मात्र ठाऊक आहे की जहाजातून उतरल्यावर गोष्ट सुरू होते.

बेने इस्राएल लोक या देशात आले ते आपल्यांत आलो या भावनेने. १९६२ मध्ये मुख्य रब्बीमंडळाने विवाह नोंदणाऱ्यांना सूचना काढली, की बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची, आणि तिच्याही मागे जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न इथेही विचारला गेला. त्या वेळी आपल्या लोकांनी काय केले? कोणी गुडघे टेकले नाहीत. आम्ही शुद्ध आहोत हो, असा दाखला घेऊन दारोदार हिंडणेही नाकारले. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकापोरांसह ते जेरुसलेमात धरणे धरून बसले. १७ ऑगस्टला क्नेसेटने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि महिनाअखेर सूचनेतून आपल्या जमातीचे नाव गेले. उशिमात्सु एकटा होता म्हणून वाकला. हे लोक एकत्र बसले म्हणून सूचनाच वाकवावी लागली.

परंतु हा अभिमान मिरवताना दुसरी बाजू झाकता येत नाही. कोकणात आणि मुंबईत आपल्याच जमातीत गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. काळ्यांशी सोयरीक होत नसे आणि मशिदीतही त्यांना वेगळे वागवले जाई. ज्यांची आजी कोण हे विचारले म्हणून पुढे आपण जेरुसलेमात धरणे धरले, त्यांच्यातलेच लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजाऱ्याची आजी कोण हे विचारत आले होते. आजही या देशात इथिओपियाहून आलेल्या तरुणांना पोलीस अडवतात, मारतात. २०१५ साली गणवेशातल्या अशाच एका सैनिकाला पोलिसांनी मारल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली आणि त्यावरून मोठी निदर्शने झाली. त्या पोरांविषयी घरात बोलताना आपल्या तोंडून काय निघते, ते ज्याने त्याने ऐकावे.

‘हाकाई’ जरूर वाचावी. शेवट मान्य होणार नाही, तरी वाचावी. नातवंडांना सांगायची झाली, तर तो गुडघे टेकण्याचा प्रसंग राहू द्यावा आणि टेनिसचा सांगावा. एक पोर एकटे उभे होते आणि मास्तर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, एवढे सांगितले तरी पुरे.