अश्रूंची चाचणी आणि २९ रुग्णांचं गणित

डोळ्यातला टॉक्सोप्लाझ्मा ओळखायला अश्रूचा थेंब पुरेल, हे ऐकून जळगाव-धुळ्यातल्या कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरला बरं वाटेल. मलाही वाटलं. म्हणूनच ब्राझीलचा २००४ सालचा शोधनिबंध जरा नीट वाचू या.

आधी अडचण समजून घ्या. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून शरीरात येतो आणि दृष्टिपटलावर जखम करतो. रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं राहतात. त्यामुळे रक्त पॉझिटिव्ह आलं म्हणून आजची जखम त्याचीच, असं म्हणता येत नाही. सुईने डोळ्यातलं पाणी काढून तपासता येतं, पण तालुक्याच्या गावी ते कोण करणार? अश्रू मात्र कागदाच्या पट्टीवर टिपता येतात. त्यात आयजीए प्रतिपिंडं शोधायची.

ब्राझीलच्या गटाने आजार भडकलेला असताना अश्रू पॉझिटिव्ह आलेले २९ रुग्ण घेतले आणि किमान दोन वर्षांनी, आजार शांत असताना, पुन्हा तपासले. २२ जण निगेटिव्ह झाले. म्हणून ही सक्रिय आजाराची खूण, असा निष्कर्ष.

थांबा. हे २९ जण निवडलेच मुळी पॉझिटिव्ह म्हणून! आजार भडकलेला असूनही ज्यांचे अश्रू निगेटिव्ह येतात, ते या हिशेबात नाहीतच. पास झालेल्यांनाच मोजून निकाल शंभर टक्के सांगण्यासारखं झालं. चाचणी किती रुग्ण चुकवते, हे यातून कळणारच नाही. उरलेले ७ जण, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, आजार शांत असूनही पॉझिटिव्ह. शिवाय २००० साली नेदरलँड्सच्या संशोधकांना निरोगी माणसांच्या अश्रूंतही ही प्रतिपिंडं सापडली होती, रक्त निगेटिव्ह असलेल्यांच्याही.

इथली चूक महागात पडते. निकाल खोटा निगेटिव्ह आला, डॉक्टरांनी सूज दुसऱ्याच कशाची समजून नुसतं स्टेरॉइड दिलं, तर परजीवी मोकाट वाढतो आणि मधली नजर कायमची जाऊ शकते.

तरी निबंध टाकाऊ नाही. सरासरी पातळी १.५४ वरून ०.७२ वर आली. वरचेच आकडे निवडले की दुसऱ्या मोजणीत ते थोडे उतरतातच, पण निम्म्यावर येणं नुसता योगायोग नसावा. एकाच रुग्णाचा पाठपुरावा करायला हे उपयोगी पडेल. निदानासाठी मात्र आपल्याकडच्या निरोगी लोकांचे अश्रू आधी तपासायला हवेत, आणि क्षयामुळे डोळ्याला सूज आलेल्यांचेही. धुळ्याहून पट्टी मे महिन्याच्या उन्हात एसटीने जळगावला आली, तर तिच्यावरची प्रतिपिंडं किती टिकतात, तेही मोजावं लागेल.