शून्य ते शंभर

वर्तमानपत्रांतून मोटारींची परीक्षणे लिहिणाऱ्या लोकांचा मला मनापासून हेवा वाटतो. नाटकाच्या परीक्षकाला पासावर का होईना, तीन अंक बसून काढावे लागतात. ह्यांना कंपनी गाडी देते, पेट्रोल देते आणि कुठल्या तरी निसर्गरम्य घाटात नेऊन सोडते. मग हे लिहितात, "शून्य ते शंभर, पाच सेकंदांच्या आत!" झाले परीक्षण. मी पडलो बँकेतला कारकून. आमच्याकडे कर्ज मागायला आलेला माणूसही पहिल्या पाच सेकंदांत फार उत्तम असतो. त्याचे खरे परीक्षण सुरू होते ते सातव्या हप्त्याला.

तेव्हा एखाद्या भारी स्पोर्ट्स कारचे परीक्षण बी.कॉम. झालेल्या माणसाने करावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. तो योग आमच्या चाकणच्या बाजूच्या शाखेत जुळून आला.

तात्या आमचे जुने खातेदार. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली. आलेल्या पैशांतून त्यांनी आठ खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्याने दिल्या. बाकी घरी दोन म्हशी, शर्यतीचे दोन बैल आणि एक चिरंजीव. ह्या चिरंजीवांनी मुंबईत एक जुनी, परदेशी, लाल, दोन माणसांची गाडी पाहिली होती. कंपनीचे नाव सांगत नाही. लिहिले तर कंपनीला वाईट वाटेल, आणि उच्चारायला गेलो तर तुम्हाला. किंमत मात्र मोशीतल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकइतकी होती. थोडे पैसे जवळचे, बाकीचे आमचे, आणि तारण त्या आठ खोल्या.

"भाऊसाहेब," तात्या म्हणाले, "तुम्ही शिकलेले. गाडी भरवशाची हाये का, तेवढं बघून सांगा. खोल्या गेल्या तर खायाचं काय?"

आजवर मला कुणी शिकलेला म्हटले नव्हते. मी कसून अभ्यासाला लागलो.

पहिला विषय वेग. बुगाटीची व्हेरॉन म्हणून एक गाडी २००५ साली निघाली. १००१ अश्वशक्ती, ताशी ४०७ किलोमीटर. पूर्ण वेगाने सोडली तर तिचे टायर पंधराएक मिनिटांत संपतात. पण काळजीचे कारण नाही, कारण शंभर लिटरची टाकी त्याआधीच, बाराएक मिनिटांत संपते! मी कॅल्क्युलेटर काढला. बारा मिनिटांत ८१ किलोमीटर. आपला द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. म्हणजे घाट, टोलनाका आणि पोलीस तिन्ही नाहीत असे धरले, तरी देहूरोडहून निघालेला माणूस कळंबोलीच्या अलीकडे तेरा किलोमीटरवर डबा घेऊन उभा. एवढ्या वेळात आमचा एस.टी. कंडक्टर सुट्टे पैसे परत करून मोकळा होत नाही, हे खरे, पण एस.टी. मुंबईला पोचते.

दुसरा विषय भरवसा. इथे माझी झोप उडाली. नव्वदीतल्या फेरारी एफ ३५५ चा टायमिंगचा पट्टा दर काही वर्षांनी बदलावा लागे, आणि त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. म्हणजे केस कापण्यासाठी मान काढून न्हाव्याकडे पाठवण्यातला प्रकार. २०१० साली फेरारीच्याच ४५८ इटालियाच्या काही गाड्या पेटल्या. कारण निघाले चिकटवण्याचा डिंक! चाकावरच्या कमानीत उष्णता अडवणारा पत्रा ज्या डिंकाने चिकटवला होता, तोच तापून पेट घेत होता. शेवटी १२४८ गाड्या परत बोलावल्या आणि पत्रा ठोकून बसवला. आमच्या शाखेत पिढ्यान्‌पिढ्या डिंक वापरतात. तापतो फक्त मॅनेजर.

२०१४ साली पोर्शने ९११ जीटी ३ च्या ७८५ मालकांना कळवले, की गाड्या कृपया चालवू नका. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ढिले होत होते. त्यांनी सगळ्या गाड्यांची इंजिने बदलून दिली. हे वाचून मला त्या कंपनीविषयी आदरच वाटला. आमच्याकडे पासबुक बदलून देताना आम्ही तीन दिवस लावतो.

तिसरा विषय आपला मुलूख. परदेशाला हसण्याआधी घरात बघावे, असे आमचे वडील म्हणत. आमच्या पिंपरी-चिंचवडला मोटारींचे काही अप्रूप नाही. मर्सिडीज १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या आवारात तयार होत होती. २००९ मध्ये ती चाकणला गेली आणि २०२० साली तिथेच ३९० अश्वशक्तीची एएमजी जीएलसी ४३ कूपे जुळवू लागले. शून्य ते शंभर ४.९ सेकंद! जुळवणारा कामगार मात्र चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीच्या बसमध्ये शून्य ते शून्य बसलेला असतो.

टेल्कोची पुढे टाटा मोटर्स झाली. तिने २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाची स्पोर्ट्स कार मांडली. तीन सिलिंडर, १९० अश्वशक्ती, सहा सेकंदांच्या आत शंभर. आमच्या आळीत पेढे वाटायचेच बाकी होते. पण गाडी विक्रीला आलीच नाही. माझ्या मते जगातली सर्वांत भरवशाची स्पोर्ट्स कार हीच. रस्त्यात बंद पडली, अशी एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

एवढा अभ्यास करून मी तात्यांना सांगितले, "घेऊ नका." तात्यांनी मान डोलावली आणि पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आले. गाडी दारात होती. लोक सल्ला विचारतात तो धीर यावा म्हणून. ऐकायचा म्हणून नाही, हे मला वीस वर्षांच्या नोकरीनंतर तरी कळायला हवे होते.

चिरंजीवांनी मला एक चक्कर मारून आणली. बसायचे म्हणजे आधी रस्त्यावर उकिडवे व्हायचे आणि मग गाडीत घरंगळायचे. आत काटा ३२० पर्यंत आकडे दाखवत होता. आम्ही २८ पर्यंत गेलो. पुढे मालट्रक, मागे मालट्रक, डावीकडून एक भेळवाला आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना आदराने मागे वळून पाहिले. मग आला गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असे लिहिले आहे. आमच्याकडे तो अपघाताच्या दुसऱ्या दिवशी गावकरी रागाच्या भरात बांधतात. आणि राग सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटे. चिरंजीवांनी एक बटण दाबले. गाडीने नाक वर केले. तरीही खालून जो आवाज आला, तो ऐकून मला आठ खोल्यांच्या भिंती दिसल्या.

तिसऱ्या महिन्यात गाडी सुरूच होईना. ढकलायची सोय नाही, कारण वीज गेल्यावर गिअर आणि ब्रेक दोन्ही जाम. पुण्याहून मिस्त्री आला. चिरंजीव खाली मान घालून उभे, तात्या ओसरीवर, आणि मी हप्त्याची चौकशी करायला आल्यासारखा. त्या महिन्याचा हप्ता आला नव्हता, म्हणून खरेच आलो होतो.

मिस्त्रीने विचारले, "शेवटची कधी चालवली?"

"दीड महिना झाला," चिरंजीव पुटपुटले. "रस्ता कुठंय? ओरखडा आला तर?"

"मग ती बिघडणारच. उभ्या गाडीतसुद्धा कॉम्प्युटर, अलार्म थोडी थोडी वीज खातात. बॅटरी बसते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. रबरं सुकतात. ही पळून बिघडत नाही, साहेब. उभी राहून बिघडते."

मी चमकलो. माझ्या अभ्यासात एक कागद होता तो मी मुद्दाम खाली ठेवला होता. अमेरिकेत जे. डी. पॉवरवाल्यांनी २०१९ साली तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या तक्रारी मोजल्या. सर्वांत भरवशाची ठरली पोर्शची ९११, बोल्टवाल्या गाडीची सख्खी बहीण! म्हणजे वेग आणि भरवसा यांचे वाकडे नव्हते. माझे होते. मला ती गाडी परवडत नाही एवढ्यावरून मी तिला नालायक ठरवले होते.

तात्या ओसरीवरून उठले.

"आरं, मला आधी सांगायचं नाही व्हय? चौदा साली कोर्टानं शर्यती बंद केल्या. एकवीसच्या डिसेंबरात अटी घालून चालू झाल्या. सात वर्षं घाट बंद होता. पण माझा बैल एक दिस दावणीला बांधून ठेवला नाय म्या. रोज फाटंचं फिरवायचा, तळ्यात पोहवायचा. शर्यत नसली म्हणून बैलाचं पाय ऱ्हातात व्हय? पळणाऱ्या जातीचं जनावर बांधून ठेवलंस, अन्‌ वर त्याच्याच नावानं बोंबलतोस?"

चिरंजीव काही बोलले नाहीत. मीही नाही. मिस्त्रीने बिल लिहिले. ते तात्यांनी दोनदा वाचले आणि एक म्हैस विकली.

ह्याला आता वर्ष झाले. रोज पहाटे पाचला, पहिल्या पाळीच्या बसगाड्या सुटण्याआधी, ती लाल गाडी बाहेर पडते. चालवतात चिरंजीव, शेजारी टोपी घातलेले तात्या. आधी बैल फिरवून येतात, मग ही. वेग चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत. जनावर तापायला वेळ द्यावा, म्हणतात.

आमच्या वडिलांची स्कूटर आठवते. त्यांनी नंबर लावला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. स्कूटर आली तेव्हा मी पुढे उभा राहण्याइतका झालो होतो. वडील दर रविवारी तिचा प्लग साफ करत. ती भरवशाची होती असे आम्ही सगळ्यांना सांगायचो. वडील भरवशाचे होते, हे कुणाच्या लक्षात आले नाही.

तर माझे परीक्षण असे. वेग : ऐकीव. आराम : उठताना कळतो. भरवसा : गाडीचा नाही, तात्यांचा. हप्ता दर पाच तारखेला जमा होतो. खात्यावर मी 'नियमित' असा शेरा मारला आहे. आमच्या बँकेत ह्याहून मोठी स्तुती नाही.