पोटाचे दुखणे आणि प्रश्नावलीची भाषा

वैद्यकातील एका प्रश्नावलीचे परीक्षण साहित्यविषयक नियतकालिकात यावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि जी कृती शब्दांच्या साह्याने माणसाचे जगणे तोलू पाहते, ती समीक्षेच्या कक्षेबाहेरची आहे असे आम्ही मानीत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील गॉर्डन गायट व त्यांचे सहकारी यांनी १९८९ साली आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाने पीडलेल्या रुग्णांसाठी ३२ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक उत्तराच्या सात पायऱ्या. एकंदर गुण ३२ ते २२४. गुण अधिक, तितके जगणे सुसह्य. या गटातील मुख्य विकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो. क्रोनचा विकार मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवतो. दोन्ही शमतात आणि पुन्हा उसळतात. औषधांनी आटोक्यात येतात, परंतु बहुधा आयुष्यभर सोबत करतात.

प्रश्नावलीचा पहिला गुण म्हणजे तिचे धैर्य. वस्त्र नकळत खराब झाले काय, शौचकूप जवळ नाही म्हणून जाणे टाळले काय, आपले दुखणे इतरांस समजत नाही याचा त्रास झाला काय, हे ती सरळ विचारते. सभ्य संभाषणात ज्याला जागा नाही, त्याला तिने जागा दिली.

दोष मात्र रचनेतच आहेत. ती केवळ मागील दोन आठवड्यांविषयी विचारते. औषधाचा परिणाम मोजण्यास ही मुदत सोयीची असेल. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्याची कथा चौदा दिवसांत मावत नाही. बरे असतानाही मनात बसलेली धास्ती तिच्या हाती अपुरीच लागते. दुसरे असे की, त्या ३२ प्रश्नांत वजनाविषयी प्रश्न आहे, पंगतीविषयी नाही. आमच्याकडे आग्रह हा स्नेहाचा प्रकार. वाढलेले नाकारणाऱ्यास यजमान आजारी समजत नाही, आढ्यताखोर समजतो. केवळ अन्नाशी निगडित जगण्याचे मोजमाप करणारी वेगळी प्रश्नावली २०१६ साली इंग्लंडात निघाली, यावरून ही उणीव तिकडेही जाणवली असावी.

तिसरा दोष प्रश्नकर्त्याच्या मनातील रुग्णाचा आहे. भेटीगाठी रद्द कराव्या लागल्या काय, फुरसतीचे खेळ सुटले काय, हे प्रश्न कोणास उद्देशून आहेत? सुरतेच्या पश्चिमेस, हजिऱ्याच्या वाटेवर, इच्छापोर येथे हिरे व दागिने यांच्या उद्योगाची वसाहत आहे. खानदेशातून सुरतेस गेलेला एखादा तरुण तेथे हिऱ्यास पैलू पाडीत बसला आहे, अशी कल्पना करावी. या धंद्यात मजुरी बहुधा नगावर मिळते. दिवसातून दहा वेळा उठणाऱ्याचे नग कमी भरतात, आणि प्रत्येक उठण्याची किंमत त्याला ठाऊक असते. कामावर गेला नाहीत काय, या प्रश्नास तो 'गेलो' असेच उत्तर देईल व त्याचे गुण वाढतील!

आता भाषांतराचा विचार. 'जीवनाची गुणवत्ता' हा प्रतिशब्द आम्हांस फारसा मानवत नाही. त्याला शाळेच्या निकालपत्रकाचा वास येतो. 'जगणे कसे चालले आहे' एवढे म्हटल्याने काही बिघडत नाही. पण खरी अडचण पुढची आहे. मराठी शिष्टगद्याने पोटाखालचा भाग एक तर संस्कृतात ठेवला किंवा विनोदात. क्षयाला आमच्या साहित्याने प्रतिष्ठा दिली. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'त (१९६२) माधवरावांचा आजार करुणभव्य होतो. मूळव्याधीच्या वाट्याला हशाच आला. पूर्वी असे नव्हते. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचे वर्णन करताना रामदास देहाच्या व्याधींची लांबलचक यादी देतात, आणि त्यांची लेखणी कोठे अडखळत नाही. पुढे दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) यांनी तो संकोच पुन्हा मोडला. शेणातून वेचलेल्या ज्वारीची भाकरी ज्या गद्याला सांगता आली, त्याला आतड्याचे दुखणे सांगता येणार नाही काय? भाषांतरकाराने 'मलोत्सर्जनाची तातडी' असे लिहिण्याऐवजी 'घाईची लागणे' लिहावे. कुंथणे, कळ येणे, आव पडणे हे शब्द नेमके आहेत, आणि अहिराणी बोलणाऱ्या घरात कोणते चालतात ते तेथेच बसून विचारावे.

बोलीतला प्रत्येक शब्द मात्र निर्धोक नसतो, हेही सांगितले पाहिजे. इच्छापोरचा आमचा तरुण पोटातील पीळ सांगताना 'मुरडा' म्हणेल. गुजराती वैद्य त्यात आपला 'मरडो' ऐकेल, आणि मरडो म्हणजे जंतूंपासून होणारी, चार दिवसांत आटोपणारी आमांशाची व्याधी. गोळ्या मिळतील, रक्त पडतच राहील. भारतात क्रोनचा विकार आणि आतड्याचा क्षय यांची लक्षणे इतकी सारखी दिसतात की, तज्ज्ञांचीही गफलत होते व अनेकांस प्रथम क्षयाचे औषध दिले जाते. तेव्हा मराठी प्रश्नावलीत 'मुरडा' शब्द अवश्य यावा. पण त्याच्या लगत, दोन आठवड्यांची चौकट ओलांडून, तो किती महिन्यांपासून येतो आणि त्यासोबत रक्त पडते काय, हे दोन प्रश्नही यावेत.