राजाईचा परीस

गरिबाघरी एकाएकी लक्ष्मी आली म्हणजे होणारी धांदल हा विनोदाचा जुना माल. 1952 साली राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ आला. महिनाभरात लाख रुपये खर्चून दाखवायचे, ही त्यातली पैज. फाटक्या खिशाच्या माणसाला खर्च करतानाच घाम फुटतो. पण या जातीचं आपल्या घरचं आख्यान त्याच्याही आधीचं आहे. महिपतीबोवांनी 1762 साली ‘भक्तविजया’त सांगितलेली नामदेवरायांच्या परिसाची कथा.

कथा आपणांस ठाऊकच आहे. परिसा भागवताच्या कमळजेने मैत्रिणीचे हाल पाहून राजाईला परीस दिला. लोखंडाचं सोनं झालं, बाजार आला, चूल पेटली. नामदेवराय घरी येतात, चौकशी करतात, आणि परीस जातो चंद्रभागेत.

अलीकडे सप्ताहांतून ही कथा ऐकतो तेव्हा मन खट्टू होतं. बोवा राजाईची नक्कल करतात, तिला दागिन्यांची हावरी बायको करून टाकतात, मंडप हसतो. महिपतीबोवांची राजाई तशी नाही हो. तिच्या घरात दाणा नाही, म्हणून ती मैत्रिणीपाशी रडते. तिने परीस मागितलेला नाही. तो तिला दयेने मिळालेला आहे. तिला हसायचं, तर भुकेलाच हसायचं. आणि परीस नदीत गेल्यावर संध्याकाळच्या चुलीचं काय? एकही बोवा तिथे थांबत नाही.

आमच्या म्हसळ्याकडे हे जपून सांगावं लागतं. दिघी बंदराचा बोलबाला झाल्यापासून दलाल वाडीवाडीत फिरतात. समोर बसलेल्यांत कुणी वरकस विकून मुलीचं लग्न केलेलं असतं, कुणी दवाखान्याचं बिल भागवलेलं असतं. त्यांच्यापुढे राजाईची टर उडवली की माणसं माना खाली घालतात. मग टाळ्या येतात त्या पुढच्या, ज्यांच्यावर ही वेळ आली नाही अशा रांगेतून.

खरा विनोद पुढे आहे, आणि तो परिसाच्या मालकावर आहे. रुक्मिणीमातेकडून मिळालेलं धन लपवून ठेवणारा विद्वान गृहस्थ, ‘माझा परीस दे’ म्हणत सगळं पंढरपूर गोळा करतो. नामदेवराय बुडी मारून ओंजळभर खडे काढतात. म्हणतात, तुमचा ओळखून घ्या. बोवांनी इथे मृदंगही थांबवावा. लोखंड लावून बघतात तो सगळेच परीस, आणि भागवत वाळवंटात खडे उलटेपालटे करत उभे.